कुसित

जांबोटीच्या शाळेमागं, तारेच्या कुंपणात
एक पर्जन्यमापक आहे. त्याची किल्ली माझ्याकडे.
रोज सकाळी साडेआठला नरसाळं काढायचं,
आतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं,
डोळा पाण्याच्या रेषेशी आणून वाचायचं.
मग तालुक्याची वही. रकाने कानडी, अक्षर माझं.
बावीस वर्षं झाली. एकदा जुलैत तीनशे बारा लिहिले,
तर खानापूरहून साहेबांचा फोन,
'बाई, दशांश विसरला नाहीत ना?'

त्यामुळं डिप्रेशन हा शब्द मला नवा नव्हता.
ते बंगालच्या उपसागरात होतं.
नकाशावर त्याच्याभोवती वर्तुळं काढतात,
सागवानाच्या ओंडक्यावर असतात तशी,
आणि दोन-तीन दिवसांनी ते आमच्या कौलांवर वाजतं.
सांगली स्टेशन म्हणतं, कमी दाबाचा पट्टा.
धारवाड म्हणतं, वायुभार कुसित.
सासूबाईंची कानडी बाजारापुरती.
त्या चुलीपासून ओरडायच्या,
'कुणाच्या कुशीत म्हणूलालाय ग तो?'
आम्ही हसायचो. मष्णू सगळ्यांत मोठ्यानं.

मष्णू, माझा नवरा. कंडक्टर, बेळगाव ते कणकुंबी.
'किणये कोण? किणये यार्री?
उतरा, इळीरी, रैट!'
दोन्ही भाषा एकाच दमात, जीभ न अडखळता.
गेल्या आश्विनात एका दुपारी
त्यानं किणये पुकारलंच नाही.
रताळ्यांच्या पोत्यांसकट तीन बायका पुढं गेल्या,
भांडल्या. तो खिडकीबाहेर बघत राहिला.
घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजला.
भांडण नाही, आजार नाही, कुणी गेलं नव्हतं.
दाखवायला काहीच नव्हतं.

टिळकवाडीच्या डॉक्टरांनी शब्द सांगितला
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'कुठल्या समुद्रात?'
ते हसले नाहीत. मराठी शोधून म्हणाले, नैराश्य.
तो शब्द मला निकालाच्या दिवशीचा वाटला.
नर्स म्हणाली, खिन्नते.
तो जरा जवळ आला, पण दारातच थांबला.

परतीच्या बसमध्ये माझं तेच चाललेलं.
लोक म्हणतात याला टेन्शन असेल, डोक्यावर दाब असेल.
रेडिओ तर म्हणतो, दाब कमी.
शाळेच्या भूगोलात आहे,
जिथला भार उतरतो तिथं चारी बाजूंचे वारे धावतात.
आमच्याकडं धावले.
नंदगडहून नणंद, अंगारा घेऊन.
डेपोतले दोघं, 'जरा फिरायला जात जा' घेऊन.
कुणी लिंबू, कुणी स्वतःच्या मेव्हण्याची गोष्ट.
सगळे आत शिरायचे, गरगरायचे,
आणि मधोमध तो, तसाच, न हलता.

सासूबाई विचारून विचारून थकल्या. काय झालंय त्याला?
डॉक्टरांचा शब्द मला उच्चारवेना,
सांगलीचा पुरेना.
शेवटी म्हटलं, 'वायुभार कुसित झालाय, आत्या.'
त्यांनी वाकळ उचलली, त्याच्या उशाशी बसल्या,
बावन्न वर्षांच्या माणसाचं डोकं ओढून मांडीवर घेतलं.
'मग मी तेच म्हणूलालते की इतकी वर्षं,' म्हणाल्या.

त्यानं तो बरा झाला नाही.
गोळ्या चालू आहेत. पांढरी अख्खी, पिवळी अर्धी.
कुठल्या नळीत ओतून वाचायचं, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आज आभाळ कोरडं. तरी मापक उघडावाच लागतो,
रकाना रिकामा सोडायची परवानगी नाही.
कुंपणापाशी चपला वाजल्या. मष्णू.
'किती?' म्हणाला.
चार महिन्यांत त्यानं विचारलेला पहिला प्रश्न.
'शून्य.'
त्यानं हात पुढं केला, नळी घेतली,
उजेडाकडं धरली, एक डोळा मिटला.
'ओल आहे,' म्हणाला.

दव असेल. मोजता येत नाही अशा ओलीला
वहीत शब्द आहे, नगण्य.
मी पेन उघडून उभी.
तो अजून नळी फिरवत होता,
आणि साडेआठ कधीच वाजून गेले होते.